जनरल रजिस्टरमधली ओळ

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले. १९८५ ची दहावीची बॅच. आमच्या शाळेला यंदा ७५ वर्षं होताहेत. त्यानिमित्त माजी विद्यार्थी संघानं पाच जणांना 'शाळाभूषण' पुरस्कार द्यायचं ठरवलंय. आपापल्या क्षेत्रात नाव काढलेले आणि समाजासाठी काही केलेले, असे पाच. निवड समितीत नऊ जण आहेत, त्यात बाई मी एकटी. पहिल्याच बैठकीत तीन नावं जवळजवळ पक्की झाली. पुण्यातले एक बांधकाम व्यावसायिक, जे सभागृहासाठी पाच लाख देणार आहेत; मंत्रालयातले एक मोठे साहेब; आणि अमेरिकेत स्थायिक झालेले एक इंजिनिअर, तेही देणगी देणार म्हणाले आहेत.
मी दोन नावं सुचवली. एक माझी वर्गमैत्रीण. ती डोंगरातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात ३० वर्षं नर्स आहे. नोकरी सांभाळून तिनं आसपासच्या वाड्यांमधल्या अकरा मुलींची लग्नं थोपवून, फॉर्म भरून, त्यांना नर्सिंगला पाठवलं. समिती म्हणाली, "तिला त्याचा पगार मिळतोच की." दुसरं नाव घाटाच्या पायथ्याला पंक्चरचं दुकान असलेल्या एका दादांचं. घाटात गाडी कोसळली की दोर घेऊन सगळ्यांत आधी हेच दरीत उतरतात. त्यांनी नववीत शाळा सोडली. अध्यक्ष म्हणाले, "दहावीसुद्धा झाला नाही, तो माजी विद्यार्थी कसा?" आणि ज्या मैत्रिणीसाठी मी बोलले, तीच आता म्हणते, "माझं नाव काढून टाक गं, लोक हसतील." मी भांडू की गप्प बसू? पुढची बैठक रविवारी आहे.
— १९८५ ची एक विद्यार्थिनी

ताई,

गप्प तर बसूच नका. पण रविवारी बोलायच्या आधी शाळेच्या ऑफिसात जाऊन एक काम करा. क्लार्कना सांगून जनरल रजिस्टर काढायला लावा.

ते रजिस्टर मी ३४ वर्षं हाताळलं. आधी दाखल्यांसाठी नावं शोधून देणारी शिक्षिका म्हणून, नंतर सह्या करणारी मुख्याध्यापिका म्हणून. पुठ्ठ्याची कड फाटलेली, कापडी पाठ उसवलेली, आत वेगवेगळ्या हातांची अक्षरं. एका ओळीत एक मूल. अनुक्रमांक, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि अगदी कडेला सोडण्याचं कारण. त्या रकान्यात 'एस. एस. सी. उत्तीर्ण' असतं, तसंच 'वडिलांची बदली' असतं, 'पालकांच्या विनंतीवरून' असतं, 'सतत गैरहजर' असतं. रजिस्टर मात्र एकच. नापासांचं किंवा अर्ध्यात सोडून गेलेल्यांचं वेगळं रजिस्टर मी कुठल्याही शाळेत पाहिलं नाही. तुमच्या पंक्चरवाल्या दादांची ओळ त्यात आहे. ती शोधा, अनुक्रमांक लिहून घ्या आणि अध्यक्षांसमोर ठेवा.

तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. तरी अध्यक्षांना सांगता यावं म्हणून लिहिते. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. १९०४ पर्यंत बाबासाहेब त्या शाळेत होते, मग मुंबईला गेले आणि मॅट्रिक झाले १९०७ मध्ये, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून. म्हणजे साताऱ्याच्या शाळेतून ते शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडलेच नव्हते. तरीही १९१४ क्रमांकाची ती ओळ त्या शाळेनं जिवापाड जपली आहे. त्या प्रवेशाच्या तारखेला महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस साजरा होतो. प्रवेशाच्या तारखेला, निकालाच्या नाही. अण्णा भाऊ साठे तर वाटेगावच्या शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. मग वाटेगावच्या शाळेनं त्यांना परकं म्हणायचं का?

दादांनी नववीत शाळा का सोडली, हे समितीतल्या कुणी त्यांना विचारलंय का? मला विचाराल तर पुरस्काराच्या आधी शाळेनं त्यांना हा प्रश्न विचारायला हवा. ज्या पोरानं पुढे आयुष्यभर अनोळखी माणसांसाठी दरीत उतरायचं धाडस दाखवलं, ते पोरगं आपल्या वर्गातून उठून गेलं तेव्हा आपण कुठे होतो? माझ्या वर्गातूनही अशी मुलं गेली. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल शाईनं रेघ ओढताना माझा हात थांबला नाही, कारण महिनाअखेरीला पट जुळवायची घाई असायची. आज त्यातली चार-पाच नावं झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन.

आता पगाराचा मुद्दा. हा मुद्दा ऐकून तुम्ही गप्प झालात, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पगार मंत्रालयातले साहेबही घेतात. बांधकाम व्यावसायिकांनी घरं फुकट बांधून दिलेली नाहीत. अमेरिकेतल्या इंजिनिअरना तर पगार चांगलाच असणार. तिघांच्याही बाबतीत पगाराचा प्रश्न निघाला नाही; तो निघाला एका नर्सबाईंचं नाव आल्यावर. हे शांतपणे, आवाज न चढवता, एकदा बोलून दाखवा. आणि मग थांबा. समितीतही विचार करणारी माणसं असतात.

पण नुसती त्यांची तोंडं बंद करून भागणार नाही. उपकेंद्र म्हणजे काय, हे त्या आठ जणांना बहुधा माहीतच नाही. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. डोंगरात ३,००० माणसं म्हणजे एक गाव नव्हे, दहा-बारा वाड्या, एकीतून दुसरीत जायला ओढा आणि चढ. लसीची पेटी खांद्याला. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, म्हणून पेटीत बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्या, आणि त्या वितळायच्या आत शेवटच्या वाडीतलं शेवटचं मूल गाठायचं. पोलिओची मोहीम आठवते ना? भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ती बातमी दिल्लीहून आली, पण ते काम तुमच्या मैत्रिणीसारख्या बायकांच्या पायांनी झालं. घरोघर जाऊन, दारावर खडूनं खूण करून, राहिलेल्या पोरासाठी पुन्हा चढ चढून.

एवढं झालं तिच्या नोकरीतलं. हे तिनं चोख केलं असेल तर 'आपल्या क्षेत्रात नाव काढलेली' या पहिल्या अटीत ती बसतेच. नाव छापून यायलाच हवं असं तुमच्या ठरावात कुठे आहे?

आणि त्या अकरा मुली? त्यांचा पगार तिला कुणी दिला नाही. मुलगी सोळा-सतराची झाली की डोंगरातल्या वाडीत काय बोलणी सुरू होतात, ते तुम्ही जाणता. १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी बोलणी सुरूच असतात. नर्सबाईला ते सगळ्यांत आधी कळतं, कारण ती त्या घरात जात-येत असते. कळल्यावर तिनं काय केलं? बापाला समजावलं असेल, आजीची मनधरणी केली असेल, दहावीचा निकाल, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला गोळा केला असेल, मुलीला घेऊन एसटीनं तालुक्याला गेली असेल. हे मी अंदाजानं लिहितेय. तुम्ही अंदाजावर राहू नका. त्या अकरांपैकी दोघी-तिघींना फोन करा आणि एकच विचारा: त्या दिवशी नेमकं काय घडलं? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. एक मुलगी पगारातून घर चालवत असेल, दुसरीनं आपल्या धाकट्या बहिणीला शिकवलं असेल. ही माहिती रविवारी एका पानावर मांडली की 'पगार मिळतोच की' हे वाक्य पुन्हा कुणाच्या तोंडी येणार नाही.

खरं तर पाचही नावांसाठी असं एकेक पान हवं. पद्म पुरस्कारासाठीसुद्धा कुणीही कुणाचं नाव सुचवू शकतं, आणि तिथे त्या माणसाचं काम जास्तीत जास्त ८०० शब्दांत मांडायचं असतं. देशाच्या पुरस्काराला जे बंधन चालतं ते शाळेच्या पुरस्काराला जड जायला नको. साहेबांसाठीही पान लिहा, व्यावसायिकांसाठीही. पदाचं नाव एका ओळीत संपतं. मग त्या पदावर बसून काय केलं, कुणासाठी केलं, आपल्या गावाकडं वळून पाहिलं का, हे लिहावं लागतं. कदाचित साहेबांचं पान भरून वाहील. तालुक्यातली एखादी पाणीयोजना त्यांनी मार्गी लावली असेल आणि ते कुणाला माहीतही नसेल. तसं असेल तर त्यांचा पुरस्कार जास्तच मोलाचा. मोठ्या हुद्द्याच्या माणसाबद्दल माझ्या मनात अढी नाही. गावातल्या पोरांना कलेक्टर व्हावंसं वाटलंच पाहिजे. फक्त हुद्दा पाहून निवड झाली तर त्या पोरांना एवढंच कळतं की मोठी गाडी आली की टाळ्या वाजवायच्या.

मी निवडीला बसले असते तर प्रत्येक नावाबद्दल एक गोष्ट स्वतःला विचारली असती: या माणसाला बाकीचं जग ओळखतं का, आणि नसेल ओळखत तर आपली शाळा ओळखू शकते का? साहेबांचे सत्कार होतच राहतात, निवृत्तीला तर रांग लागेल. पंक्चरवाल्या दादांचा सत्कार तुमच्या शाळेनं केला नाही तर कुणी करणार नाही. त्यांच्या काखेतला दोर आणि पायातली चप्पल पाहून शाळा सांगू शकते, हा आमचा अमुक इयत्तेतला. ते दुसऱ्या कुठल्या संस्थेला जमणार नाही. पाचांत दोन तरी नावं अशी असावीत, ज्यांना पहिला हार तुमच्या शाळेचा असेल.

एक वेगळा मुद्दा, जो तुमच्या पत्रात नाही पण मला सारखा दिसतो. समितीपुढे आलेल्या पाच नावांत बाई एकच, तीही तुम्ही सुचवली म्हणून. तुमच्या शाळेत १९८५ ला मुली नव्हत्या का? होत्या, आणि पुष्कळ होत्या. पण रजिस्टरमध्ये त्यांचं नाव माहेरचं. वडिलांचं नाव, वडिलांचं आडनाव. लग्न झालं, आडनाव बदललं, कित्येकींचं तर पहिलं नावही सासरी बदललं. वीस-तीस वर्षांनी संघ व्हॉट्सॲपवर यादी करायला बसतो तेव्हा मुलांचे नंबर सापडतात, कारण त्यांची घरं तिथेच आहेत, आडनाव तेच आहे. मुली सापडत नाहीत, आणि मग सगळे म्हणतात, "आपल्या बॅचच्या मुलींचं काही कळत नाही बुवा."

मी मुख्याध्यापिका असताना आम्ही एका उन्हाळ्यात या शोधाला लागलो. रजिस्टरमधून दहा वर्षांतल्या मुलींची नावं उतरवली, त्यापुढे गाव लिहिलं, आणि शिपाईमामांना सांगितलं की एकेका गावी गेलात की त्या घरी चहा घ्यायचा आणि लेक कुठे दिली ते विचारायचं. मामा पाटीवर लिहावं तसं एका वहीत लिहून आणायचे: 'दिली कोरेगाव, शाळा मास्तरीण.' 'दिली चिपळूण, गिरण चालवते, नवरा वारला.' 'दिली मुंबई, नर्स.' पंधरा दिवसांत ती वही भरली. त्या वहीतल्या एका मुलीनं सासरच्या गावात बचतगट उभा करून दारूचं दुकान बंद करायला लावलं होतं, आणि आमच्या शाळेला त्याचा पत्ता नव्हता. रविवारी हा ठराव मांडा: निवड आणखी तीन आठवडे पुढे ढकलायची आणि तेवढ्या वेळात मुलींचा माहेरच्या नावानं शोध घ्यायचा. भाऊ, भावजय, धाकटी बहीण, गावची किराणा दुकानं, सगळ्यांना विचारा. पाचच नावं घ्यायची सक्ती कुणी केलीय? चांगली चार सापडली तर चार द्या, सात सापडली तर सात.

पाच लाखांबद्दल. देणगीला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. आपल्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. शाळा देणगीवरच उभ्या राहतात. ज्याला जमतं त्यानं द्यावं, आणि दिलं तर त्याचे मनापासून आभार मानावेत. पण देणगीचे आभार आणि पुरस्कार या दोन गोष्टी एकाच हारात ओवू नका. सभागृहाच्या दाराशी संगमरवरी फलकावर व्यावसायिकांचं नाव कोरा, उद्घाटनाला त्यांना सपत्नीक बोलवा, त्यांच्या हस्ते फीत कापा. पुरस्कारासाठी मात्र त्यांचं पान इतरांसारखंच समितीपुढे येऊ दे. त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं असेल, गावच्या पोरांना कामाला लावलं असेल, तर ते पानात दिसेल आणि ते आपल्या पायावर निवडले जातील.

हे त्यांना सांगायला दोघांनी प्रत्यक्ष जा, फोनवर सांगू नका. सोबत शाळेच्या गरजांची यादी न्या: मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, प्रयोगशाळा, सभागृह, काय असेल ते. स्पष्ट सांगा की देणगी पुरस्काराशी जोडली तर उद्या लोक म्हणतील पाच लाखांना घेतला, आणि त्यात नाव तुमचंच खराब होईल. माझा अनुभव असा की कष्टानं वर आलेल्या माणसाला हे पटतं. ज्याला पटत नाही, त्याच्या सभागृहात बसताना शाळेलाच अवघडल्यासारखं होईल.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी खजिनदारांच्या कानावर घाला. २,००० रुपयांवरची रोख देणगी घेतलीत तर देणाऱ्याला त्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, म्हणून रक्कम चेकनं किंवा बँकेतून घ्या आणि पावती संस्थेच्या नोंदणीच्या नावानं द्या. दुसरी जास्त महत्त्वाची. अमेरिकेतल्या इंजिनिअरना विचारा, पासपोर्ट कुठला आहे? भारतीय असेल आणि पैसे त्यांचे स्वतःचे असतील तर अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, भले भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल, तर कायद्याच्या नजरेत ती परदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला संस्थेकडे परदेशी देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. तेही पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. प्रेमानं पाठवलेल्या रकमेपायी संघाला नोटीस यायला नको. त्यांना देणगीऐवजी वेळ मागा. महिन्यातून एक तास नववी-दहावीच्या मुलांशी व्हिडिओवर गणित सोडवायला बसा म्हणावं. मला वाटतं ते खुश होतील.

आता मैत्रिणीकडे येते, कारण तुमच्या पत्रातली हीच ओळ मला सगळ्यांत जास्त लागली. "लोक हसतील." तीस वर्षं चांगलं काम केलेल्या बाईला सत्काराची भीती वाटते, याचा अर्थ तिनं आजवर दुसऱ्यांचे सत्कार पाहिलेत आणि त्यात आपल्यासारखं कुणी पाहिलेलं नाही. तिच्यावर जबरदस्ती करू नका. तिच्याकडे जा, एक रात्र राहा, जेवण करताना विचारा. कारण नुसता संकोच नसेलही. ती जिल्हा परिषदेच्या सेवेत असणार, निवृत्ती जवळ आली असणार. सरकारी सेवेतल्या माणसाला जाहीर सत्कार स्वीकारायचा तर आधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. तिला हा नियम माहीत असेल आणि शेवटच्या एक-दोन वर्षांत नसती चौकशी नको, असं वाटत असेल. हे तुम्ही सोडवू शकता. संघाच्या लेटरहेडवर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत रीतसर विनंती पाठवा. तारीख, ठिकाण, पुरस्काराचं स्वरूप लिहा, रोख रक्कम नाही असंही लिहा. (रोख रक्कम देऊच नका, कुणालाच.) साहेबांनाही हाच नियम लागू आहे, त्यांचंही पत्र सोबतच जाऊ दे.

एवढं करूनही ती नकोच म्हणाली तर तिचा मान राखा. मग त्या अकरांपैकी एखादीला शाळेत बोलवा आणि दहावीच्या मुलींना तिची हकीकत तिच्या तोंडून ऐकवा. मैत्रीण मागच्या बाकावर बसून ऐकेल.

आणखी एक. नाव सुचवलंत तुम्ही, म्हणून तिच्या नावावर निर्णय होताना तुम्ही खोलीबाहेर बसा. बैठकीच्या सुरुवातीलाच तसं सांगून टाका. मग व्यावसायिकांचे भाचे, साहेबांचे मेहुणे, ज्यांचं ज्यांचं नातं आहे त्यांनाही आपापल्या वेळी उठावं लागेल. उठायला लावायचं असेल तर आधी आपण उठायचं.

समारंभाचं थोडक्यात लिहिणार होते, पण जमत नाहीये, कारण एक दिवस डोळ्यांपुढून जात नाही. फेब्रुवारी होता. माझ्याच शाळेत असाच सत्कार. पाहुणे दहाला येणार म्हणून मुलं नऊपासून मैदानात बसवलेली. पाहुणे आले पावणेबाराला. व्यासपीठावर खुर्च्या वाढत वाढत बावीस झाल्या, प्रत्येकाला पुष्पगुच्छ, प्रत्येकाचा परिचय. मी माईकपाशी होते. सहावीतली एक मुलगी पहिल्या रांगेत बसल्या जागी कलली. तिच्या मैत्रिणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मी हातानं खूण केली की मागे न्या तिला. माईक सोडला नाही. पुढचा परिचय वाचला. त्या दिवशी कुणाला कसला पुरस्कार दिला ते मला आठवत नाही. ती मान कललेली आठवते.

म्हणून तुमच्या समितीकडून एवढं कबूल करून घ्या: मुलं सावलीत बसतील, कार्यक्रम दीड तासाच्या वर जाणार नाही आणि व्यासपीठावर पुरस्कार घेणारे आणि देणारे, बस. आदल्या दिवशी पाचही जणांना एकेका वर्गात अर्धा तास द्या. भाषण नको, मुलांना प्रश्न विचारू द्या. दादांनी दोर बरोबर आणावा आणि गाठ कशी मारतात ते आठवीच्या मुलांना करून दाखवावं. नर्सबाईंनी लसीची पेटी उघडून दाखवावी. डॉ. रघुनाथ माशेलकर गिरगावातल्या युनियन हायस्कूलचे. ते आजही सांगतात की त्यांच्या भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगानं कागद जाळून दाखवला आणि शक्ती एका जागी एकवटली की काय होतं ते समजावलं. परदेशी विद्यापीठं पाहिलेल्या माणसाला शाळेतली ती एक दुपार जन्मभर पुरली. तुमच्या पाच जणांनाही विचारा, शाळेतली अशी कुठली दुपार आठवते? ज्या बाईंचं, सरांचं किंवा शिपाईमामांचं नाव ते घेतील, ती व्यक्ती हयात असेल तर तिला गाडी पाठवून घेऊन या. पुरस्कार त्यांच्या हातून द्या. मग मंत्री शोधायची गरज राहत नाही.

भेटीबद्दल विचारलं नाहीत, पण सांगते. काचेची ती मोठी स्मृतिचिन्हं नकोत, ती कपाटावर धूळ खातात. पुस्तक द्या. बाबासाहेबांच्या शाळकरी वयातली गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली आहे. परीक्षा पास झाल्याबद्दल लोकांनी त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. वडील रामजी तयार होईनात, पोराच्या डोक्यात नको ते शिरेल म्हणून. कृष्णराव अर्जुन केळुसकर, ज्यांना बाबासाहेब दादा केळुसकर म्हणतात, त्यांनी रामजींची समजूत काढली, सभेचे अध्यक्ष झाले आणि शेवटी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. त्या भेटीचं पुढे काय झालं, ते आपण जाणतो. सत्काराला काय द्यावं याचं याहून मोठं उदाहरण मला सापडलेलं नाही. पाच जणांना द्या, आणि तीच पाच पुस्तकं शाळेच्या वाचनालयातही ठेवा, आत त्यांच्या सहीनिशी.

पुस्तकाच्या आतल्या पानावर मानपत्र चिकटवा. मानपत्र तुम्हीच लिहा ताई, कारण समितीत बाकी कुणाला दोन्ही माणसं इतकी ठाऊक नाहीत. 'कर्मयोगी', 'अष्टपैलू', 'समाजभूषण' असले शब्द नकोत, ते कुणालाही चिकटतात. असं लिहा: "जनरल रजिस्टर क्रमांक अमुक. इयत्ता नववीत शाळा सोडली. त्यानंतर घाटात गाडी कोसळल्याचं कळलं की दुकानाचं शटर अर्धवट टाकून दोर घेऊन निघाले." शटर अर्धवट टाकतात की पूर्ण, ते मला ठाऊक नाही. त्यांना विचारून लिहा.

शनिवारी ऑफिस दुपारपर्यंत उघडं असतं. क्लार्कना आदल्या दिवशी फोन करून ठेवा, १९८० ते ८५ चं रजिस्टर बहुतेक माळ्यावर असेल आणि काढायला वेळ लागेल. दादांचा क्रमांक सापडला की मला कळवा.